१६ वर्षं सी++, आणि आता रस्ट: अडलं कुठे, सुटलं कसं

अर्धविराम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेली १६ वर्षं मी सी++ लिहितोय, मधली ४ वर्षं जावाही लिहिली. ७ महिन्यांपूर्वी रस्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा हातात घेतली. आता कंपायलरने (कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) नकार दिला की तो का दिला हे बहुतेक वेळा संदेश पूर्ण वाचायच्या आधीच लक्षात येतं. इथवर यायला दोनदा सगळा कोड टाकून द्यावा लागला. ते का घडलं हे लिहितो. अगदी नव्यांसाठी लिखाण भरपूर आहे, पण ज्यांच्या हाताला दुसऱ्या भाषेचं वळण पडलंय त्यांची अडचण निराळी असते.

वाक्यरचनेत मी अडलो नाही. रस्टचा पहिला कंपायलर ओकॅमलमध्ये लिहिलेला होता आणि त्या घराण्याच्या खुणा भाषेत अजून दिसतात. ओकॅमल ज्या एमएल घराण्यातली, तिथली एखादी भाषा पाहिली असेल तर एनम (ठरावीक पर्यायांपैकी एक असणारा प्रकार) आणि मॅच (पर्याय पाहून वाट निवडणारी रचना) लगेच ओळखीचे वाटतात. मूल्य स्कोपबाहेर गेलं की त्याची साफसफाई आपोआप होते, हेही सी++ वाल्याला नवं नाही. दोन आठवड्यांत छोटे प्रोग्रॅम लिहायला लागलो आणि वाटलं, आलीच की भाषा.

मग माझं एक जुनं टूल रस्टमध्ये आणायला घेतलं. ते कॉन्फिगरेशनच्या फायली वाचतं, त्यांचं झाड मेमरीत बांधतं आणि एखादी किंमत बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या नोडना कळवतं. सी++ मध्ये झाडातल्या प्रत्येक नोडकडे पालकाचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता), मुलांचा व्हेक्टर आणि बदल झाला की बोलवायच्या कॉलबॅकची यादी होती. मी तीच रचना ओळीला ओळ उतरवायला लागलो.

पहिल्या प्रयत्नात पॉइंटरच्या जागी रेफरन्स, म्हणजे मालकी न घेता उसने घेतलेले पत्ते, टाकले. स्ट्रक्टमध्ये रेफरन्स ठेवला की लाइफटाइमचं (तो रेफरन्स किती वेळ वैध आहे त्याचं) नाव द्यावं लागतं, मग ते स्ट्रक्ट ज्याच्या पोटात आहे त्यालाही द्यावं लागतं. तीन दिवसांत सगळ्या फायलींमध्ये त्या खुणा पसरल्या आणि झाड काही उभं राहीना. पालकाकडे मुलाची मालकी आणि मुलाकडे पालकाचा रेफरन्स, ही जोडी सुरक्षित रस्टमध्ये साध्या रेफरन्सने चालवताच येत नाही. मूल पालकाचा रेफरन्स धरून आहे तोवर पालक हलवता येत नाही आणि बदलताही येत नाही. तीन आठवड्यांचं काम पुसलं.

दुसऱ्या प्रयत्नात प्रत्येक नोड आरसीच्या आत रेफसेल असा गुंडाळला. आरसी म्हणजे सी++ च्या शेअर्ड पॉइंटरसारखा मोजणी ठेवणारा पॉइंटर, फक्त एका थ्रेडपुरता (प्रोग्रॅममधल्या कामाच्या एकाच प्रवाहापुरता). रेफसेल म्हणजे उसनवारीचे नियम (एका वेळी वाचणारे कितीही किंवा बदलणारा एकच) कंपायलरऐवजी प्रोग्रॅम चालू असताना तपासणारी डबी. पालकाकडे जाणारा दुवा वीक केला, म्हणजे एकमेकांना धरून ठेवून मेमरी अडकणार नाही. कंपाइल झालं, चाललं, मी खूश. चौथ्या दिवशी पॅनिक, म्हणजे प्रोग्रॅम चूक सांगून तिथेच थांबला: आधीच उसनं दिलेलं आहे. झालं होतं असं, की पालक नोड बदलण्यासाठी उघडलेला असताना तो मुलांना कळवत होता, आणि एका मुलाचा कॉलबॅक मागे वळून त्याच पालकाची किंमत वाचायला आला. जी चूक कंपायलर मला टेबलावर बसल्या बसल्या दाखवत होता, ती मी स्वतः उचलून चालत्या प्रोग्रॅममध्ये नेऊन ठेवली होती.

तेव्हा एडिटर बंद केला आणि कागद घेतला. टूलमधल्या प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न लिहिला: ही कोणाची? नोड कोणाचा? फाइलमधून वाचलेला मजकूर कोणाचा? कॉलबॅक कोणाचा? निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला देता आली नाहीत. सी++ मध्ये १६ वर्षं ही उत्तरं मी डोक्यात अंदाजाने धरत आलो होतो आणि बहुतेक वेळा ते निभलंही होतं.

तिसरी रचना अशी झाली. झाड नावाचं एक स्ट्रक्ट, सगळे नोड त्याच्या एकाच व्हेकमध्ये (रस्टचा व्हेक्टर), मालक एकटं झाड. पालक आणि मुलं म्हणजे त्या व्हेकमधले क्रमांक. नुसता आकडा नाही ठेवला, यू-३२ (३२ बिटांचा पूर्णांक) भोवती नोडक्रमांक नावाचा वेगळा टाइप केला, म्हणजे दुसराच कुठला आकडा तिथे शिरणार नाही. कॉलबॅक काढूनच टाकले. झाडावर फिरणारं फंक्शन आता फक्त वाचतं आणि काय बदलायचं त्याची यादी परत देतं, फिरून झालं की झाड ती यादी लागू करतं. हे ९ दिवसांत लिहून झालं आणि बॉरो चेकरशी, म्हणजे उसनवारीचे नियम तपासणाऱ्या कंपायलरच्या भागाशी, झटापट अशी उरलीच नाही.

आता खरं सांगायचं ते. कॉलबॅक काढताना जुना सी++ कोड पुन्हा नीट वाचला, आणि त्यात दिसलं की मुलांच्या व्हेक्टरवर फिरत असतानाच एखादा कॉलबॅक त्याच व्हेक्टरमध्ये नवं मूल घालू शकतो. जागा शिल्लक असेल तर बहुधा काही दिसत नाही. जागा संपली असेल तर व्हेक्टर नवी जागा घेतो, जुनी सोडतो, आणि फिरणारा इटरेटर सोडलेल्या जागेवरच वाचत राहतो. ते टूल दर दोन-तीन महिन्यांनी एकदा पडायचं. आम्ही परत सुरू करायचो. कारण कुणालाच सापडलं नव्हतं. रस्टमध्ये हाच प्रकार लिहायला गेलं तर कंपायलरचा ई०५०२ हा संदेश मिळतो: वाचायला उसनं दिलेलं असताना तेच बदलायला मागताय. पहिल्या महिन्यात हा संदेश मी पन्नासदा तरी पाहिला असेल आणि प्रत्येक वेळी कंपायलर उगाच अडवतोय असं समजून वाट काढली.

दुसऱ्या भाषेत बरीच वर्षं काढून इकडे आलेल्यांनी आपापलं अडलेलं लिहा. वाचायला आवडेल.

बिंदुमाला

वाचनखूण साठवली. मी पायथन आणि जावाकडून आले, त्यामुळे मालकीच्या आधी मला मजकुराने अडवलं. स्ट्रिंग आणि &स्ट्र असे दोन प्रकार का, हेच आठवडाभर कळेना. मग मी ते असं समजून घेतलं: स्ट्रिंग हा मजकुराचा मालक, त्याला मजकूर वाढवता येतो. &स्ट्र म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी मजकुराचा उसना घेतलेला तुकडा, कुठून सुरू होतो आणि किती बाइट लांब आहे एवढंच. फंक्शनला फक्त वाचायचं असेल तर &स्ट्र मागायचा, सांभाळून ठेवायचं असेल तर स्ट्रिंग मागायची. एवढ्यावर माझं नव्वद टक्के काम भागतं.

आपल्या लिपीत काम करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगते, कारण मला ती फार आवडली. रस्टमध्ये मजकुराचं तिसरं अक्षर असं आकड्याने मागता येत नाही, कंपाइलच होत नाही. सुरुवातीला राग आला. मग 'मराठी' हा शब्द घेऊन पाहिला. लांबी विचारली तर उत्तर १५, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. कॅर्स (युनिकोडची सुटी चिन्हं) मोजले तर ५, कारण काना आणि वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात. डोळ्यांना अक्षरं दिसतात ३. 'स्त्री' तर १८ बाइट, ६ कॅर आणि आपल्या लेखी एकच अक्षर. मग तिसरं म्हणजे कुठलं? भाषा हा प्रश्न आपल्यालाच विचारते. बाइटच्या हिशोबाने ० ते ४ असा तुकडा कापायला गेलात तर प्रोग्रॅम तिथेच पॅनिक होतो, अर्धवट चिन्ह हातात देत नाही. आधीच्या नोकरीत नावं कापून छापणाऱ्या कोडमुळे लोकांच्या नावातल्या मात्रा उडालेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून हे जवळचं वाटलं.

उलटतपासणी

लेख प्रामाणिक आहे, पण एका जागी थांबवतो. व्हेकमधला क्रमांक म्हणजे पॉइंटरच झाला. नोड काढून टाकला आणि त्या जागी दुसरा बसवला, तर जुना क्रमांक आता भलत्याच नोडकडे नेतो. बॉरो चेकरला त्यातलं काही दिसत नाही. मग तुम्ही चूक सोडवली की लपवली?

अर्धविराम

उलटतपासणी, प्रश्न रास्त आहे. हे मूळ लेखात यायला हवं होतं.

हो, क्रमांक शिळा होऊ शकतो. फरक परिणामात आहे. सी++ मध्ये शिळ्या पॉइंटरने लिहिलं की ते कुठे लिहिलं गेलं याला हद्द नाही, बिघाड तीन फायली पलीकडे उगवतो. क्रमांक शिळा झाला तर सगळ्यात वाईट म्हणजे चुकीचा नोड मिळेल किंवा हद्दीबाहेर म्हणून पॅनिक होईल. ती माझ्या तर्कातली चूक आहे, त्याच झाडात सापडते, टेस्टमध्ये पकडता येते.

त्यावरही उपाय आहे. प्रत्येक जागेसोबत पिढीचा आकडा ठेवायचा. जागा रिकामी होऊन पुन्हा वापरली की पिढी एकाने वाढते. क्रमांकात जागा आणि पिढी दोन्ही असतात, जुळले नाहीत तर उत्तर नन, म्हणजे 'काही नाही'. स्लॉटमॅप नावाचं क्रेट (रस्टची लायब्ररी) हेच करतं. माझ्या टूलमध्ये नोड कधी काढलेच जात नाहीत, फाइल बदलली की झाड नव्याने बांधतो, म्हणून मला साधा व्हेक पुरला. जिथे ये-जा आहे तिथे मी पिढी ठेवेनच.

उलटतपासणी

पटलं. पिढीशिवाय क्रमांक वापरायला मात्र मी नव्या माणसाला सांगणार नाही.

आणखी एक, कारण सी वाले इथे हमखास घसरतात. अनसेफ (कंपायलरला स्वतः तपासता न येणाऱ्या कामांसाठीचा कप्पा) लिहिलं की बॉरो चेकर बंद होतो असं पुष्कळांना वाटतं. होत नाही. अनसेफच्या आत पाचच गोष्टींची जादा मुभा मिळते: कच्चा पॉइंटर उघडून वाचणं-लिहिणं, अनसेफ फंक्शन बोलावणं, बदलता येणारा स्टॅटिक वापरणं, अनसेफ ट्रेट लागू करणं आणि युनियनचे फील्ड वाचणं. रेफरन्सचे नियम तिथेही तेच असतात. मी छोट्या मायक्रोकंट्रोलरवर काम करतो, रजिस्टरला हात लावायचा तर अनसेफ टळत नाही. पण ते एका लहान मॉड्यूलमध्ये कोंडतो आणि बाहेरून सुरक्षित फंक्शन देतो. हार्डवेअरला न शिवणारा भाग मिरी या तपासणीच्या साधनाखाली चालवून पाहतो. दोनदा तिने असा घोटाळा दाखवला जो माझ्या बोर्डवर वर्षभर बिनतक्रार चालला होता.

पाणकावळा

मी वेगळा अनुभव लिहितो. पाच महिने दिले आणि सोडून दिली. आमच्या सर्व्हिस बहुतेक वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत असतात. गार्बेज कलेक्टरमुळे (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा) आमचं काही अडलं नव्हतं. रस्टमध्ये कंपाइल व्हायला लागणारा वेळ, त्यात एसिंक (एका कामाची वाट पाहताना दुसरं चालू देणारी पद्धत). फंक्शन बोलावलं तरी अवेट करेपर्यंत काहीच चालत नाही, ते चालवायला टोकिओसारखा रनटाइम आपणच आणायचा, मग पिन नावाचं प्रकरण. टीममध्ये सहा जण, त्यातले चौघे गांगरलेले. आम्ही गो या भाषेकडे वळलो आणि तीन आठवड्यांत काम उभं राहिलं. भाषा वाईट आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण ज्याला मेमरीचा त्रासच नाही त्याने ही फी का भरावी?

अर्धविराम

पाणकावळा, तुमच्या कामासाठी तुमचा निर्णय मला बरोबर वाटतो. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं की दरवर्षी ते ज्या सुरक्षा-त्रुटींना सीव्हीई क्रमांक (त्रुटींच्या सार्वजनिक यादीतला क्रमांक) देतात त्यातल्या सुमारे ७० टक्के मेमरी-सुरक्षिततेच्या असतात. तो आकडा सी आणि सी++ चा डोंगर असलेल्या घरातला आहे. लिनक्स कर्नलने डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत रस्टला पहिली जागा दिली तीही त्याच कारणाने. गार्बेज कलेक्टर चालतो तिथे हा धोका बहुतांश आधीच मिटलेला असतो.

एसिंकबद्दलही तुमच्याशी सहमत. मी पहिले ५ महिने त्याला हात लावला नाही, आणि नव्या माणसाला तेच सांगेन. मालकी, लाइफटाइम आणि एसिंक एकाच वेळी शिकायला घेतले तर कुठली चूक कशामुळे हे कळायला मार्ग राहत नाही. तुमच्या चौघांचं तेच झालं असावं.

रातकिडा

पाणकावळा म्हणतात त्यात एक भर. मेमरीचा त्रास नसला तरी थ्रेडचा असतो, आणि तो गार्बेज कलेक्टर सोडवत नाही. जावात दोन थ्रेडनी एकच मॅप लॉकशिवाय बदलला तर कंपायलर चकार शब्द काढत नाही. रस्टमध्ये आरसी दुसऱ्या थ्रेडला द्यायला गेलात तर कंपाइलच होत नाही, कारण आरसीला सेंड (दुसऱ्या थ्रेडकडे जायची मुभा) नाही. आर्क (अनेक थ्रेडमध्ये चालणारा तसाच पॉइंटर) घ्यावा लागतो. बदल करायचा तर आत म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप). आणि रस्टचा म्युटेक्स डेटाच्या शेजारी उभा नसतो, डेटा त्याच्या पोटात असतो. कुलूप न उघडता डेटापर्यंत जाण्याची वाटच नाही. १२ वर्षं 'या फील्डला हात लावण्याआधी अमुक लॉक घ्या' अशा कॉमेंट लिहिल्यावर हे पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो.

डेडलॉकपासून (कुलपाची वाट पाहत कायमचं अडकण्यापासून) मात्र रस्ट वाचवत नाही. मी स्वतः अडकलोय. मॅचच्या डोक्यावरच म्युटेक्स लॉक करून आतली किंमत तपासली, तर ते कुलूप पूर्ण मॅच संपेपर्यंत बंदच राहतं. एका फांदीत मी तोच म्युटेक्स पुन्हा मागितला आणि प्रोग्रॅम गपगार. किंमत आधी वेगळ्या लेटमध्ये काढून घ्यायची, मग मॅच करायचं. २०२४ च्या एडिशनमध्ये (भाषेच्या नियमांची आवृत्ती) इफ-लेटच्या एल्सपुरती ही अडचण सोडवली आहे, मॅचला अजून तसंच आहे.

तळटीप

एडिशनचा विषय निघालाच आहे तर: जुने लेख वाचताना तारीख बघा, माझे दोन आठवडे त्यात गेले. २००६ मध्ये ग्रेडन होर यांनी स्वतःपुरती सुरू केलेली ही भाषा १.० पर्यंत आली १५ मे २०१५ ला, आणि त्याआधी तर तिच्यात ग्रीन थ्रेडही (भाषेनेच चालवलेले हलके थ्रेड) होते. १.० च्या आधीचं काही सापडलं तर बंद करा. २०१६ च्या शेवटी चूक बोलावणाऱ्याकडे परत पाठवणाऱ्या ट्राय मॅक्रोच्या जागी प्रश्नचिन्ह आलं. डिसेंबर २०१८ ला, २०१८ च्या एडिशनसोबत, बॉरो चेकर बदलला: आधी उसनवारी कंसाच्या शेवटापर्यंत टिकायची, आता शेवटच्या वापराशी संपते. त्यामुळे जुन्या उत्तरांत 'इथे जादा कंस घाला' असे सल्ले आहेत, त्यांची आता गरज नाही. एसिंक-अवेट स्थिर झालं नोव्हेंबर २०१९ ला.

आणि क्लोन, म्हणजे वस्तूची प्रत, करायला घाबरू नका. पहिल्या महिन्यात अडलं की क्लोन करा आणि पुढे जा. नंतर मोजा, जिथे खरंच वेळ जातोय तिथलेच काढा.

उलटतपासणी

क्लोनबद्दल असहमत. क्लोनने चूक गप्प होते. दोन प्रती झाल्या, एक बदलली, दुसरी जुनीच राहिली, आता हा घोटाळा कोण शोधणार?

अर्धविराम

दोघांच्या मध्ये मी असा उभा आहे: फक्त वाचायच्या गोष्टी बिनधास्त क्लोन करा, फाइलचं नाव, सेटिंग, लहान मजकूर. पुढे बदलणार आहे अशी वस्तू क्लोन करावीशी वाटली तर थांबा, तिथे मालक ठरलेला नाही. आणि आर्कचा क्लोन हा या वादात नाहीच, तिथे फक्त मोजणीचा आकडा वाढतो, आतल्या वस्तूची प्रत होत नाही.

शून्यापासून

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. मी ९ वर्षं जावास्क्रिप्ट लिहिते, रस्टला दोन महिने झालेत. लाइफटाइमच्या खुणा कळत नाहीत. एक ओळ आणि एक विभाजक घेऊन ओळीचा पहिला तुकडा परत देणारं फंक्शन लिहिलं. दोन्ही &स्ट्र, परतही &स्ट्र. कंपायलर म्हणतो लाइफटाइम सांगा. फंक्शनच्या आत तर स्पष्ट दिसतंय ना की तुकडा ओळीतूनच येतो?

अर्धविराम

शून्यापासून, उदाहरण अगदी नेमकं दिलंत. कंपायलर आत बघू शकतो, पण मुद्दाम बघत नाही. बोलावणाऱ्याला फक्त फंक्शनची पहिली ओळ दिसते असं तो धरतो. आत बघून ठरवलं असतं, तर उद्या तुम्ही आतली एक ओळ बदलल्यावर दुसऱ्या कुणाचा कोड मोडला असता. म्हणून तो विचारतो: परत दिलेला तुकडा दोघांपैकी कोणाकडून उसना घेतलाय? एकच रेफरन्स आत येत असता तर त्याने स्वतःच ठरवलं असतं.

तुम्ही ओळीला आणि परताव्याला एकच खूण द्या, विभाजकाला देऊ नका. अर्थ असा, की ओळ जिवंत आहे तोवर तुकडा वापरता येईल, विभाजक लगेच टाकून दिला तरी हरकत नाही. ही खूण कुणाचं आयुष्य वाढवत नाही. नातं काय आहे एवढंच सांगते. मी पहिल्या महिन्यात खुणा बदलून बदलून वस्तू जास्त वेळ जगवायचा प्रयत्न करत होतो, त्यात काही हाती लागत नाही. आणि सध्या स्ट्रक्टमध्ये रेफरन्स ठेवू नका, मालकीचा स्ट्रिंग ठेवा.

शून्यापासून

कंपाइल झालं. दोघांना तीच खूण दिली होती मी आधी, म्हणून बाहेर विभाजक लवकर संपतोय अशी तक्रार येत होती. आता कळलं.

आणखी एक विचारते. माझ्या स्ट्रक्टमध्ये कामांची यादी आहे आणि नोंदींचा व्हेक आहे. सेल्फच्या (म्हणजे त्याच स्ट्रक्टच्या) कामांवर फिरते आणि प्रत्येक कामाला सेल्फची नोंद करणारी मेथड बोलावते. ई०५०२. पण मेथड कामांना शिवतसुद्धा नाही!

अर्धविराम

वरचाच नियम. मेथडची पहिली ओळ म्हणते 'मला पूर्ण सेल्फ बदलायला द्या', आणि तुम्ही सेल्फचाच एक भाग वाचायला दिलेला आहे. मेथड प्रत्यक्षात काय शिवते हे बघितलं जात नाही. त्याऐवजी नोंदींचं स्वतःचं छोटं स्ट्रक्ट करा आणि ती मेथड त्याच्यावर ठेवा. मग फिरताना सेल्फ-डॉट-कामं एका हातात, सेल्फ-डॉट-नोंदवही दुसऱ्या हातात. एकाच फंक्शनच्या आत दोन वेगळी फील्ड वेगवेगळी उसनी घेतलेली कंपायलरला चालतात.

शून्यापासून

झालं! नोंदवहीचं वेगळं स्ट्रक्ट केलं आणि गंमत म्हणजे तिची टेस्टही आता वेगळी लिहिता आली, आधी त्यासाठी सगळी यादी उभी करावी लागायची. रातकिडा, आता कामं चार थ्रेडमध्ये वाटायची आहेत. नोंदवही आर्कमधल्या म्युटेक्समध्ये ठेवू की प्रत्येक थ्रेडला स्वतःची देऊन शेवटी एकत्र करू?

रातकिडा

प्रत्येकाला स्वतःची. थ्रेड संपताना ती परत द्या, जॉइन केल्यावर (थ्रेड संपेपर्यंत थांबल्यावर) हातात मिळते. मालकी गेली आणि परत आली, कुलूप लागतच नाही. कामांची यादी फक्त वाचायची असेल तर आर्कही नको, स्कोप्ड थ्रेड (ठरावीक कंसाच्या आतच संपणारे) वापरा, रस्ट १.६३ पासून स्टँडर्ड लायब्ररीतच आहेत. अडलं तर कोड टाका, आज रात्री जागाच आहे.